चेपलेल्या मालाचं लायसन

सोमवार, ३ नोव्हेंबर
हो, चेपलेलेच. गुळगुळीत पायजेत तर मॉलमधी जा की. माझ्याकडं तुर्भ्याच्या गोदामात हमालाच्या हातून पडलेले डबे, ट्रकमधी दबलेली बिस्किटं, कोपरा फाटलेला मसाला. आतला माल नवा, फक्त वरून मार खाल्लेला. असं शिंदेबाईला जिन्यातच ऐकवलं. वर म्हनलं, तुजा नवरा घोरतो तरी ठेवलाच ना घरात? हसत हसत शेवया घेऊन गेली.
दुपारी नामदेव भावजी टेम्पो घेऊन आले, तोंड पडलेलं. लायसनची मुदत संपली ना, नवं देन्याआधी अन्न खात्याची मॅडम गुरवारी माल बघायला येनार. नाय पटलं तर शटर खाली. आमचे हे गेल्यापासून मला दुकानच हाय. दुसरं काय येत नाय.

बुधवार, ५
भावजी दिवसभर डबे सरळ करत बसले. मका, टोमॅटो, अननस. पोचा पडला तिथं दोन्ही बाजूनी अंगठे दाबायचे, टुच् आवाज, पत्रा बाहेर. ह्या कामात त्यांचा हात कोन धरनार.
मी म्हनलं, "भावजी, एवढं बायकोचं गुडघं दाबलं असतं तर बिचारी पळत सुटली असती."
"वहिनी, चेष्टा नको. मॅडमला दुकान चकचकीत दिसलं पायजे."
मला पन पटलं. मीच फडकं मारलं सगळ्यांना. पावने येनार म्हनून पोरांची तोंडं पुसतात तसं.

गुरवार, ६
मॅडम आली. कवळी पोरगी, चष्मा, पाठीला बॅग. म्हनलं, "बाई, तू इन्स्पेक्टर का इन्स्पेक्टरची लेक?" हसली नाय. तिथंच कळलं, वाट लागली.
एक डबा उचलला. फिरवला. परत फिरवला.
"आजी, हे चेपलेले होते ना?"
भावजी एकदम खूष, "होते की मॅडम! आता बगा, कळतं तरी का?"
"तेच तर. डबा मधी पोटाला चेपला तर चालतो. कडेला, शिवनीवर चेपला तर हवा शिरते, आत सडतं. तुमी सगळे सरळ करून ठेवले. आता कुठला कुठं चेपला होता मला कसं कळनार? गिऱ्हाइकाला कसं कळनार? डॅमेज माल विकता येतो हो काका. डॅमेज झाकून नाय विकता येत."
सगळे डबे एका बाजूला. वर चिकटपट्टी, त्यावर सही. विकायचे नाय. नमुन्याला थोडे घेऊन गेली. लायसनचं इचारलं तर "रिपोर्ट आल्यावर बघू."
भावजी पायरीवर डोकं धरून. "वहिनी, मी बुडवलं तुमाला."
"तुमचं डब्यांचं पार्लर फस्टक्लास हाय भावजी. मॅडमची तक्रार तीच तर हाय."
ते हसले. मला नाय हसू आलं. फडकं तर मीच मारलं होतं.

मंगळवार, ११
शटर अर्धं. बिस्किटं, मसाला तेवढा विकायची परवानगी. शिंदेबाई डोकावली, चिकटपट्टीकडं बोट. "काय हो काकू हे?"
"नव्या सुना हायेत. तोंड झाकून बसल्यात."
जेवन जात नाय. कामोठ्याच्या लेकीला कळवलं नाय. ती म्हनंल, आई बंद कर, इकडं ये. तिच्याकडं मी पावनी. इथं मालकीन. बंद झालं तर...

शुक्रवार, २१
मॅडमचा फोन. रिपोर्ट आला. नमुन्यातला एक डबा आतून गेलेला.
म्हनलं, संपलं सगळं. पन ती पुढं म्हनाली, ते डबे सगळे माझ्यासमोर नष्ट करा, बाकी दुकानाला लायसन देते. अटी हायेत. चेपलेला माल वेगळ्या फळीवर, वर पाटी. शिवनीवर चेपलेलं, फुगलेलं, गंजलेलं घ्यायचंच नाय. भिजलेलं पोतं गोदामातूनच परत. आनि पोचा सरळ करायचा नाय.
"जमंल का आजी?"
"जमंल. पन मला आजी नको म्हनू, गिऱ्हाईक पळतं."
हसली! फोनवर पन कळतं.
भावजींना सांगितलं तर टेम्पोचा हॉर्नच वाजवत सुटले. पार नाक्यापर्यंत. येडे.

शनिवार, २२
डबे फोडले. मॅडम फोटो काढत होती, भावजी हातोडी मारत होते. "किती जीव लावून सरळ केले होते ओ," प्रत्येक डब्याला. बरेचसे चांगलेच निघाले, भावजी कळवळले. मग एक मक्याचा फोडला तर फस्स. वास असा की कुत्रं पन मागं सरलं. वरून किती देखना होता! पुढच्या डब्यावर भावजींनी हातोडी जोरात हानली.
वाईट वाटायला पायजे होतं. माल गेला. पन अंगावरचं ओझं उतरल्यावानी झालं. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा.

सोमवार, २४
लायसन भिंतीवर. ह्यांच्या फोटोच्या शेजारी. पाटी भावजींनी रंगवली, "चेपलेला माल. तपासलेला." मी खाली लिवायला लावलं, "मालकीन पन थोडी चेपलेली." मॅडम बोलंल का काय, बगू. न सांगता परत येनार हाय म्हनली.
पाटी वाचून लोक माघारी जातायत. एकजन तर नाक धरून गेला, मेला. पन एक बाई आत आली, डबा उलटा केला, कडेवर बोट फिरवलं, घेतला. दुकान चालंल का ह्या पाटीखाली, माहीत नाय. झोप मातर लागते आता.
नव्या मालातला अननसाचा एक डबा घरी आनलाय. पोटाला चेपलेला, कडा साबूत. ओट्यावर ठेवलाय, अजून फोडला नाय.
कुनाला सांगितलं नव्हतं, ह्यांना पन नाय. एवढी वर्सं जगाला विकले, पन आमच्या दुकानातला एक डबा मी कदी खाल्ला नाय. भ्या वाटायचं.