साडूबुवांचा दगड आणि लोकांचे टॉवेल

ती. साडूबुवांना,

सप्रेम नमस्कार. (सप्रेम हा शब्द सवयीने पडला आहे. पत्र संपेपर्यंत टिकला तर ठेवा, नाहीतर खोडून टाका.) ताईंची कंबर, तुमच्या लेकीची झोप आणि नातवाचं पोट ही तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. आम्ही दोघं बरे आहोत. तुमची मेहुणी तर नको तितकी बरी आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ती भांडी घासताना गुणगुणते आणि अंगणात अनवाणी फिरते. ते पाहून मला आनंद व्हायला हवा. होत नाही, कारण ज्या अंगणात ती फिरते ते तुमचं आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच हसता आणि माझा मुद्दा जागीच विरघळतो. कागद वाचताना खुशाल हसा, मला ऐकू येणार नाही.

घर व्यवस्थित आहे. मागचा नळ गळत होता तो बदलला, जिन्याचा कठडा हलत होता तो पक्का केला. (उभा जन्म लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेला, हलणारी वस्तू मला बघवत नाही. तुम्ही तो कठडा इतकी वर्षं हलता कसा ठेवलात आणि तरी पडला कसे नाहीत, हा तुमच्या नशिबाचा स्वतंत्र विषय आहे.) तुम्ही लेकीकडे निघताना म्हणालात, ‘‘राहा निवांत, इथे काही करायचंच नसतं.’’ मला वाटलं, विनय. आता कळलं की ती वस्तुस्थिती आहे, आणि तिथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

आमचं घर तुम्ही पाहिलंय. चौथा मजला, खाली टायरचं दुकान, समोर दुसऱ्यांचं स्वयंपाकघर. मी खिडकी उघडली की समोरच्या बाईंना वाटतं, मी त्यांच्या भाजीला नावं ठेवायला आलोय. आणि इथे? इथे खिडकी उघडली की गल्लीच्या टोकाला समुद्र असा पसरलेला असतो, जणू त्याला कामावर जायचंच नाही. कुंपणं कमरेएवढी, तीही एकमेकांशी बोलताना हात टेकायला सोयीची म्हणून. फाटकाला कडी आहे, पण ती लावली की शेजारी काळजीने विचारायला येतात. बेकरी कधी उघडते असं मी बेकरीवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘पाव झाला की.’’ पाव कधी होतो? ‘‘मी पोहून आलो की.’’ आमच्याकडे असा माणूस आठवडाभरात दुकान गमावून बसला असता. इथे लोक पिशव्या घेऊन त्याची वाट बघत उभे राहतात आणि वाट बघण्यातही मजेत असतात. साडूबुवा, पडद्याच्या कापडाच्या दुकानात गज मोजत बसलेला माणूस शेवटी अशा ठिकाणी पोचतो, आणि वेळेवर हजर राहणारा, लिफ्ट तपासल्याशिवाय कधीही सही न करणारा माणूस टायरच्या वासात म्हातारा होतो. हा हिशेब कुणी केला ते मला एकदा पाहायचंय.

बरं, नुसती जागा असती तर मी गिळलं असतं. पण माणसं! पहिल्याच सकाळी तुमच्या फाटकातून बाहेर पडलो तर पलीकडचे कप्तान (माणसं आणि सायकली पलीकडे नेणारी बोट त्यांनी चालवली, तुम्हाला काय सांगायचं) दोन्ही हात पसरून आले, जवळ आल्यावर त्यांना चेहरा दिसला, आणि हात असे खाली आले जसे वीज गेल्यावर पंखा थांबतो. ‘‘अच्छा, तुम्ही ते नाही,’’ एवढंच म्हणाले. मी ते नाही, हे मला सासुरवाडीत लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. पण इथेही? दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, ‘‘कधी येताहेत ते?’’ बेकरीवाले, ‘‘ते असते तर बरं झालं असतं.’’ कशासाठी बरं झालं असतं ते कुणी सांगेना. कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा माझा पाय हुंगून, वर बघून, निराश होऊन परत गेलं. कुत्र्याच्या चेहऱ्यावरची निराशा तुम्ही पाहिली नसेल. तुम्हाला कशाला दिसेल?

मग एका संध्याकाळी कप्तानांनी कुंपणावरून विचारलं, ‘‘सकाळी आम्ही पोहायला जातो. तुमचे साडू रोज यायचे. तुम्ही याल का त्यांच्या जागी?’’ त्यांच्या जागी! साडूबुवा, इतकी वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहत होतो ते कुंपणावरून आले. मी म्हणालो, अवश्य. तुमची मेहुणी मागून म्हणायला लागली, ‘‘अहो, पण भाऊजी तर...’’ मी तिला बोलूच दिलं नाही. तिच्या तोंडून भाऊजी हा शब्द आला की पुढे काय येतं ते मला पाठ आहे. तुम्ही पोहता, तर मी का नाही? लहानपणी कमरेला दोर बांधून मी पोहण्याच्या तलावाची अख्खी रुंदी पार केलेली आहे. (दोर वर धरणारा मास्तर काठाने चालत होता, ही गोष्ट तेव्हा गौण वाटली.) दुसऱ्या दिवशी पोहायची चड्डी आणायला गेलो. माझ्या मापाची एकच चड्डी होती, आणि तिच्यावर पोपट होते. घेतली.

सकाळी वाळूवर पोचलो तर त्या काळ्या दगडापाशी प्रत्येकाने आपापलं सामान माझ्यासमोर आणून ठेवलं. कप्तानांचा चष्मा, डॉक्टरीणबाईंचं घड्याळ, सगळ्यांचे टॉवेल, बेकरीवाल्यांची विजार. मला वाटलं, नवख्या माणसावर विश्वास दाखवायची ही पद्धत असावी. मी भारावलो. त्याच भरात सदरा काढला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरलो. मागून कुणीतरी ‘‘अहो, अहो!’’ करत होतं. मला ते कौतुक वाटलं.

सुरुवातीला बरं चाललं होतं. ते लाल तरंगतं पिंप आहे ना, मला वाटायचं, तुम्ही रोज तिथवर... असो, त्या पिंपाकडे मी निघालो. तुम्ही मनात होतात. प्रत्येक हात मारताना मी तुम्हाला मागे टाकत होतो. आणि अर्ध्या वाटेत माझ्या पोटरीत असा गोळा आला की पाय माझा न राहता समुद्राचा झाला. मी ओरडलो नाही. (तुमची मेहुणी म्हणते, ओरडलो. तीही नेमकी त्याच वेळी चहा घेऊन वाळूवर आली होती, हे माझं भाग्य.) पाणी नाकात गेलं, आभाळ खाली आणि पाणी वर झालं, आणि खरं सांगतो, साडूबुवा, त्या क्षणी मी घाबरलो. थट्टा नाही. मनात एकच आलं की ही बाई आता घरी एकटी कशी जाईल. तेवढ्यात कुणीतरी माझा जबडा पकडला. डॉक्टरीणबाई! जबडा पकडण्याचा त्यांचा हात सरावाचा आहे. ‘‘तोंड मिटा, मान सैल सोडा,’’ म्हणाल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरचं निमूट ऐकलं. कप्तानांनी काखेत हात घातला, बेकरीवाल्यांनी पाय उचलले, आणि पोपटांसकट मला काठावर आणून पालथं घातलं.

मी खोकत पडलो होतो, म्हणून पुढचं आधी त्यांना दिसलं. भरती चढली होती. दगडापाशी काही नव्हतं. टॉवेल गेले, घड्याळ गेलं, चष्मा गेला, विजार गेली, आणि विजारीच्या खिशात बेकरीच्या किल्ल्या होत्या. कप्तान थंडीने कुडकुडत, डोळे बारीक करून, बहुधा माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘तुम्ही पाण्यात कशाला उतरलात?’’

मी म्हणालो, ‘‘ते नाही का रोज उतरायचे?’’

‘‘ते? त्यांना कुठे पोहता येतं? ते दगडावर बसायचे. आमच्या सामानाजवळ.’’

साडूबुवा, मी ओल्या वाळूत पालथा होतो तेच बरं. कारण माझा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा नव्हता. म्हणजे हे सगळं प्रेम, ते पसरलेले हात, ते कुत्रं, हे सगळं तुम्ही कोरडं राहून मिळवलंत? नुसतं बसून? तुमची मेहुणी एवढंच म्हणाली, ‘‘मी तेच सांगत होते.’’ आणि मग ती हसली. चहाचा थर्मास पोटाशी धरून, वाळूत बसून हसली. त्या दिवशी बेकरी उघडली नाही. कुणी मला बोललं नाही, पण अख्ख्या गल्लीला पाव का नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. एकानेही टोमणा मारला नाही, उलट दोघांनी सूप आणून दिलं. इथे साधं धड भांडतासुद्धा येत नाही.

दुपारी ओहोटी लागल्यावर मी एकटाच काठाने निघालो. लाजेने म्हणा. दूर बांधाच्या खडकात विजार अडकलेली सापडली, किल्ल्यांसह. दोन टॉवेल सापडले. घड्याळ नाही, चष्मा नाही. विजार नेऊन दिली तेव्हा बेकरीवाल्यांनी ती तिथेच पिळली आणि म्हणाले, ‘‘उद्या या. फक्त बसा.’’

गेलो. बसलो. तुमचा तो दगड माझ्या अंगाला कुठूनही बसत नाही, हे नोंदवून ठेवतो. आधी वाटलं, राखण करायची म्हणजे टॉवेलांची. पण मग ती डोकी दूर दूर गेली, लहान झाली, एक लाट आली आणि कप्तानांचं डोकं दिसेनासं झालं. मी उठून उभा राहिलो. मग दिसलं. पुढे मी बसलोच नाही, सगळी बाहेर येईपर्यंत उभाच होतो. कप्तान पाण्यातून आले, चष्म्याविना आंधळेच, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. मी त्यात टॉवेल दिला. आपल्या घरच्या माणसाकडून घ्यावा तसा त्यांनी घेतला आणि तोंड पुसलं. साडूबुवा, आजवर मी तुमच्या घराचा, पगाराचा, केसांचा, सासऱ्यांनी तुम्हाला दिलेल्या खुर्चीचा मत्सर केला. पण त्या टॉवेलाच्या वेळी जो वाटला तसा कधी वाटला नव्हता. हे तुम्हाला रोज मिळत होतं, आणि तुम्ही आम्हाला कधी सांगितलंसुद्धा नाहीत.

तेव्हापासून रोज जातो. आणखी काय लिहू? ताईंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद, नातवाला पापा.

तुमचा,
(नाइलाजाने का होईना) साडू

ता. क. परत यायची घाई करू नका. तान्ह्या बाळाला आजोबांची फार गरज असते असं मी कुठेतरी वाचलंय.

ता. क. दुसरा. कप्तानांच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. आम्ही चौथा मजला सोडून तिथे कायमचं राहायला यावं असं तुमच्या मेहुणीच्या मनात आहे. (माझ्या मनात काही नाही.) कप्तानांना विचारलं, तर म्हणाले, माणूस बरा वाटतो, पण तुमच्या साडूंनी शब्द टाकला तर देईन. तेव्हा कृपया तो शब्द टाकावा. हे वाक्य लिहायला मला पूर्ण सकाळ लागली.

भाऊजी, पाकीट डकवायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी. ताईशी मी काल बोलले आणि खोल्यांचं तुमच्या शब्दावर रात्रीच ठरलं, हे यांना सांगू नका. पत्राने काम झालं असंच वाटू दे. ताई म्हणाली की टॉवेल आता हे सांभाळतात हे कळल्यापासून तुम्ही जेवताना गप्प आहात, आणि कप्तान आमच्या ह्यांच्याशी जास्त बोलतात का, असं दोनदा विचारलंत. खरं सांगू? हो, बोलतात.

— मेहुणी