दादाच्या ट्रंकेची खोळ

शनिवार, नोव्हेंबर १९६५

बेबी,

शाळेतून आलीस की आधी हे वाच. फॅक्टरीत डबल ड्यूटी आहे, मी उद्या सकाळी येईन.

श्रीरंगला जाऊन दोन महिने झाले, आज त्याची ट्रंक पलटणीकडून आली. संध्याकाळी तुझी आई पाटनहून येईल. तिकडे ती आता जरा जेवून राहिली, असं मामांनी कळवलं आहे. झाकणावरचं दादाचं नाव तिला आल्या आल्या दिसू नये, म्हणून ट्रंकेला खोळ शिव.

लांबी तीस इंच, रुंदी अठरा, उंची बारा. वरची बाजू ५४०, लांब बाजू दोन मिळून ७२०, आखूड दोन ४३२. एकूण १६९२ चौरस इंच. तळ धरला नाही. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड सत्तेचाळीस इंच लागतं. शिलाई धरून पावणेदोन वार आण.

ट्रंक उघडू नको, तिघं मिळून उघडू.

तू म्हणशील, बाबा, नावावर रंगच काहून नाही लावला? घरात काळा रंग होता, ब्रश बुडवलाही होता. पण अक्षर त्याच्या हातचं आहे गं. माझा हात चालला नाही.

— बाबा