गांडुळांच्या वाफ्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, इथली खानावळवाली, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला इकडे फिरकतंय कोण? आता थकले, म्हणून हे एकदाचं उरकते.

१. घर मुलाला. विकायचं तर खुशाल विकावं. त्याला इथं करमणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर मी रडायची सोडून दिली.

२. दवाखान्याच्या खर्चातून काही पैसे उरलेच, तर ते सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर.

३. कढया, पातेली, झारे, हे सगळं खानावळीचे डबे पोचवणाऱ्याच्या बायकोला. ती खानावळ काढीन म्हणते. आधी चार माणसांचं खरकटं महिनाभर काढून बघ म्हणावं.

४. परसातला गांडुळांचा वाफा. हे सविस्तर लिहिते, नाहीतर मुलगा त्यावर फरशी घालून मोकळा होईल. खानावळीच्या तेलकट खरकट्यानं माझी आणि भिंतीपलीकडची, दोन्ही घरांची मोरी तुंबायची, म्हणून हा वाफा केला. पण तेलकट खरकटं गांडुळांना थेट घालायचं नाही. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. तेलाचा थर बसला की गुदमरतं. आधी रद्दीनं तेल टिपायचं. मग सुका पाला आणि लाकडाचा भुसा कालवून पिंपात ठेवायचं, कुजताना तापून निवलं की वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात थोडं थोडं. रुचलं तर येतात, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यात जातात.

हा वाफा मी भिंतीपलीकडच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना देते. मी दवाखान्यात पडले होते तेव्हा, गांडुळं बिचारी उपाशी असतील म्हणून, त्यांनी तळणीचा सगळा गाळ वाफ्यावर ओतला. घरी येऊन बघते तर काय, जिवंत होती ती भिंतीवर चढलेली, बाकीच्यांचा खाली खच! मी म्हणाले, "दावा साधलात ना?" त्या म्हणाल्या, "तुझ्या किड्यांशी माझा कसला गं दावा?" तेव्हापासून अबोला. पण गांडुळं सुकू नयेत म्हणून वाफ्यावर ओलं पोतं घातलेलं होतं. जिवावर उठलेलं माणूस ओलं पोतं घालत नाही. चूक त्यांचीच, हे मी मरेपर्यंत म्हणेन. दावा नव्हता.

५. हे सांगत होते तेव्हा वकिलांनी मला थांबवलं. ते म्हणतात, ज्याला काही मिळायचं त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदारानं समोर बसायचं, मी सही करताना बघायचं आणि माझ्यादेखत आपली सही करायची. अगं बाई, म्हणजे साक्षीदाराला यावंच लागतं की! मी मेल्यावर वाफा मिळून त्या माझ्याशी थोड्याच बोलणार आहेत? म्हणून कलम ४ मधलं देणं मी रद्द करते. वाफा कोणालाच नाही. वकिलांनी भिंतीवरून हाक मारून जाऊबाईंना साक्षीला बोलवावं. त्यांच्याशिवाय मला फार एकटं वाटतं.

स्थळ: माझं स्वयंपाकघर. तारीख वकील घालतील.

सही: खानावळवाली

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. समक्ष पाहिलं.

साक्षीदार दुसरी: थोरली जाऊ. समोर बसून सही करताना पाहिलं. फार वाळली आहे. तेल आधी रद्दीनं टिपायचं, हे तिनं मला दोनदा सांगितलं. गांडुळं मी बघते. त्याला कागद कशाला हवा?