सीताराम पणजोबांची खुर्ची

उलवे, रविवार

संघर्षदादा,
जय भीम.

फ्लॅटमध्ये जागा अडते, खुर्ची विकून टाक म्हणालास, म्हणून काल सीवूड्सहून जुन्या सामानाचा दलाल आला होता. त्याने विचारलं, "शंभर वर्षांची खुर्ची, आणि बैठकीचा वेत नवाकोरा कसा?"

मी त्याला पणजोबांची गोष्ट सांगितली. गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा बंगल्यावरच्या लिलावात आपल्या गावच्या खोताने भात उफणायचं यंत्र आणि ही खुर्ची घेतली. यंत्र चालवता यायचं फक्त साहेबाकडे राबलेल्या सीताराम पणजोबांना. त्यांनी मजुरीत खुर्ची मागितली. खोत म्हणाला, "ने. पण बसायचं नाही." पणजोबा रोज ती अंगणात मांडायचे आणि शेजारी जमिनीवर बसायचे. ते बसले नाहीत, म्हणून पुढे घरात कोणीच बसलं नाही.

दलाल म्हणाला, "बसून बघतो." मी ओरडले, "बसायचं नाही!" आणि माझ्याच तोंडून खोत बोलला. अरे, खोत मेला, खोती गेली, आणि त्याचा हुकूम आपण पणजोबांचा मान म्हणून पाळत आलो!

लहानपणी तू एकदाच बसलास म्हणून आईने तुला झोडपलं होतं. चुगली मी केली होती, दादा. हे सांगायची हिंमत नाही, म्हणून पत्रही पाठवणार नाही.

दलालाला मी परत पाठवलं. आज सकाळी आईला हाताला धरून खुर्चीत बसवलं. अजून बसलीय. म्हणते, "आता संघर्ष आला की त्याच्यासाठीच उठेन."

तुझी चुगलखोर,
शर्मिला