साडेदहाच्या आत सुरू केलेला फोन

अण्णा नगर, चेन्नई
बुधवार

चि. सेतुमाधव यास,

थोरला भाऊ गिरीधर याचा, भांडण चालू असूनही, आशीर्वाद. (तुला सहासष्ट वर्षे झाली तरी मी चि. लिहिणार, कारण मी अडुसष्टचा आहे आणि हा हिशेब तुला कधीच उलटा करता येणार नाही.) इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. रक्तदाब एकशे चाळीस-नव्वद आहे, डाव्या गुडघ्याला तेल लावायचे तू सोडून दिले आहेस आणि डॉक्टरांनी बंद केलेले मेदुवडे विद्युलता पाहत नाही असे समजून खातोस, एवढेच मला ठाऊक आहे. कुठून कळले ते विचारू नकोस. आपण दोघे चार वर्षे बोलत नसलो तरी आपल्या बायका रोज अकरा वाजता फोनवर बोलतात, आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत.

पत्र लिहिण्याचे कारण असे की तुझा काही गैरसमज होऊ नये. गेले पाच दिवस, म्हणजे शुक्रवारपासून, तू रोज सकाळी सहाला पाठवतोस त्या देवाच्या चित्राखाली दोन निळ्या खुणा उमटल्या नसणार. याचा अर्थ मी मेलो असा नाही. मी तुला ब्लॉक केले असाही नाही. (मला ते करता येत नाही, आणि करता आले असते तर पहिल्या वर्षीच केले असते.) आपले भांडण होते तसेच, त्याच नियमांनी चालू आहे: तू चित्र पाठवायचे, मी उत्तर द्यायचे नाही, फक्त उघडायचे. दोन निळ्या खुणा दिसल्या की मी आहे हे तुला कळते, चित्र आले की तू आहेस हे मला कळते. इतके शिस्तीत चाललेले भांडण आपल्या नात्यात दुसरे नाही. ते केवळ एका यंत्रामुळे बिघडावे हे मला मान्य नाही.

आता झाले काय ते सांगतो. गुरुवारी माझा जुना फोन गेला. जयंती इडलीचे पीठ वाटत होती, आणि ग्राइंडरचा दगड जरा डगमगतो आहे असे मला वाटले, म्हणून मी वाकून पाहिले. (गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होतो. माझ्या सहीशिवाय तिथून एक नट बाहेर गेला नाही. हलणारी वस्तू दिसली की मान आपोआप वाकते.) फोन शर्टाच्या खिशात होता. दगड डगमगत नव्हता. पीठ मात्र फेकावे लागले, आणि त्या दिवशी घरात उपमा झाला, तोही माझ्याशी न बोलता.

नवा फोन मागवला. तो शुक्रवारी सकाळी घेऊन आला कुरियरवाला, तेव्हा हॉलमधल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो हे तुला सांगायला नको. आपले वाडवडील महाराष्ट्रातून इकडे आले त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. येताना देव आणले, भाषा आणली, आणि इथे आल्यावर राहुकाळ असा काही धरला की इथल्या लोकांनी आपल्याला विचारून घरातून निघावे. तेव्हा माझ्यापुढे दोनच रस्ते होते. एक, खोके न उघडता बारा वाजेपर्यंत त्याच्याकडे बघत बसणे. दुसरा, वीस मिनिटांत फोन सुरू करून टाकणे, म्हणजे मुहूर्त आपला. मी दुसरा धरला. जयंती म्हणाली, उघडूच नका. ती नेहमी असे म्हणते, म्हणून मी ऐकले नाही.

सेतू, तो फोन सुरू होताच प्रश्न विचारू लागला. आमच्या सौम्याला बघायला आलेल्या मंडळींनीही इतके विचारले नव्हते. भाषा कोणती, देश कोणता, वाय-फाय कोणते, बोटाचा ठसा द्या, तोंड दाखवा, तोंड डावीकडे वळवा, आता उजवीकडे. तुम्ही कुठे असता ते आम्हाला कळलेले चालेल का? तुमच्या बोलण्याची पद्धत शिकलेली चालेल का? (हे मी नंतर चालवून पाहिले. आपले तंजावरचे मराठी ऐकून तो म्हणाला, मला ते समजले नाही. त्याचा दोष नाही, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनाही समजत नाही.) घड्याळ पुढे सरकत होते. फोनमधले घड्याळ तर पहाटेचे साडेपाच दाखवत होते, त्याचा काही उपयोग नव्हता. एवढ्यात माझ्या लक्षात आले की प्रत्येक प्रश्नाच्या खाली कोपऱ्यात, जणू सांगायची लाज वाटावी अशा बारीक अक्षरात, ‘वगळा’ असे लिहिलेले आहे. मी वगळले. वाय-फाय वगळले, ठसा वगळला, तोंड वगळले. जुने खाते जोडायचे का? वगळा. जुन्या फोनमधले सगळे इकडे आणायचे का? वगळा. तुम्हाला खात्री आहे का? त्याला मात्र वगळायची सोय नव्हती, म्हणून ‘हो’ दाबले. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी फोन सुरू झाला. मी जयंतीला हाक मारून घड्याळ दाखवले. तिने घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आत गेली. मला वाटले कौतुक वाटले असेल.

संध्याकाळी कळले की फोन सुरू झाला म्हणजे त्यात काही आहे असे नव्हे. नवे घर घ्यावे आणि त्यात नळ, पंखा, दार काहीच नसावे तसे ते निघाले. एकाही माणसाचा नंबर नाही. व्हॉट्सॲप नाही. ते आणायला ॲपच्या दुकानात जावे लागते, दुकान म्हणते आधी खाते दाखवा, खाते म्हणते परवलीचा शब्द सांगा. परवलीचा शब्द जुन्या फोनला ठाऊक होता, मला नाही. वर दर दोन तासांनी, आणि जेवताना हटकून, तो आठवण करून देतो: सेटअप पूर्ण करायचे राहिले आहे. शिवाय सिम घातल्यापासून त्याचे घड्याळ वीस मिनिटे पुढे चालते, तेही काहीतरी वगळल्यामुळेच असणार.

सोमवारी मी दुसऱ्या ॲव्हेन्यूवरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. काउंटरवर श्रीनिधी नावाची मुलगी होती. तिने फोन हातात घेतला, दोन बोटे फिरवली आणि विचारले, “एन्न सार, इव्वळवु अवसरम?” म्हणजे एवढी घाई कसली. मी म्हणालो, राहुकाळ. ती हसली नाही. तिची आजीही तशीच असणार. मग तिने दोन उपाय सांगितले. पहिला सोपा: नवे खाते उघडायचे, दोन मिनिटांत व्हॉट्सॲप चालू, फक्त जुन्या खात्यातले काही मिळणार नाही. दुसरा: जुने खाते सोडवायचे, त्याला एक कोड लागतो. मी विचारले, जुन्या खात्यात नेमके आहे काय? तिने तिच्या पद्धतीने समजावले: सार, तुम्ही साठवलेले फोटो वगैरे असतात.

तर ते फोटो म्हणजे तू पाठवलेले देव. चार वर्षांचे, रोज एक, सुमारे चौदाशे. जुना फोन ‘जागा भरली, काहीतरी काढा’ म्हणून वर्षभर ओरडत होता, पण देव काढायचा कसा? कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर गणपतीला ओढून नेण्याचे धाडस मला झाले नाही. म्हणून साठवत गेलो. (केवळ म्हणूनच. दुसरे कारण शोधू नकोस.) श्रीनिधीला मी सांगितले की नवे खाते नको. ती म्हणाली, दोन मिनिटांचे काम आहे सार. मी म्हणालो, नको म्हणजे नको, आणि ते जरा मोठ्यानेच म्हटले असावे, कारण रांगेतली माणसे वळून बघू लागली.

तेव्हा खुणा दिसत नाहीत त्याचे कारण हे. सौम्याच्या लग्नाच्या पत्रिकेत तुझे, सख्ख्या काकाचे, नाव आतेभाऊ कृष्णस्वामीच्या खाली छापले गेले आणि तू मांडवात नारळाची पिशवी खुर्चीवर ठेवून न जेवता निघून गेलास, त्याच्याशी या फोनचा काही संबंध नाही. ते भांडण वेगळे, हे यंत्र वेगळे. पत्रिकेबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही, आताही बोलणार नाही. तू सकाळची चित्रे मात्र थांबवू नकोस. ती कुठेतरी जमा होत असतील असे श्रीनिधी म्हणते.

विद्युलतेला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
गिरीधर

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. त्या खात्याचा कोड ज्या नंबरावर जातो, त्याचे शेवटचे दोनच आकडे पडद्यावर दिसतात: ४७. तो तुझा नंबर आहे. मला आठवले, सौम्याच्या लग्नाच्या आधीच्या पोंगलला तू इथे आला होतास आणि माझा तो फोन तूच बसून लावून दिला होतास. राखीव नंबर कोणाचा घालू असे विचारून उत्तराची वाट न बघता स्वतःचा घातलास आणि म्हणालास, “अण्णा, तू विसरशील तेव्हा मी असेन.” तर मी विसरलो आहे. दुकानात तीन वेळा कोड मागवला. तुझ्या फोनवर तीन संदेश आले असतील. त्यातला कुठलाही एक उलट टपाली कळव. जयंतीकरवी निरोप पाठवता आला असता, पण ते भांडणाच्या नियमात बसत नाही.

आणखी ता. क. श्रीनिधी म्हणते, तो कोड दहा मिनिटांत मरतो. आपले टपाल तीन दिवस घेते. शिवाय तू बँकेतला माणूस, कोड कोणालाही सांगू नका असे तूच मागे मारुतीच्या चित्राखाली लिहून पाठवले होतेस; तू मरशील पण सांगणार नाहीस. म्हणजे तू फोन घेऊन माझ्याशेजारी बसल्याशिवाय हे काम होत नाही. पुढच्या बुधवारी ये. बुधवारचा राहुकाळ बारानंतर आहे, सगळी सकाळ मिळेल. या वेळी मी एकही प्रश्न वगळणार नाही. आणि येणार असशील तर हेही वाचून ये: पत्रिकेचे प्रूफ छापखान्याने पाठवले तो शुक्रवार होता आणि साडेदहाला दहा मिनिटे कमी होती. मी न वाचता सही केली. नावे त्यांनी अक्षरक्रमाने लावली होती. एकतीस वर्षे तपासनीस असलेल्या माणसाने स्वतःच्या मुलीची पत्रिका वाचली नाही, हे सांगण्यापेक्षा मी ते मुद्दाम केले असे तुला वाटू दिले. चूक माझी होती, सेतू. जेवायला ये.

भावजींना नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिले म्हणून दोन ओळी मी लिहिते. हे अजून रोज सकाळी सहाला तो रिकामा फोन हातात धरून गॅलरीत बसतात. कोडाचे तीन संदेश पाहून तुम्ही पुढच्या बुधवारची तिकिटे आधीच काढल्याचे विद्युलताने सांगितले आहे, ते मी यांना कळवलेले नाही; पत्र लिहून बरे वाटते आहे त्यांना. एक मात्र तुम्हीही सांगू नका. हॉलमधले घड्याळ सौम्याच्या लग्नाच्या आधीपासून वीस मिनिटे मागे आहे. पत्रिकेची सही काय आणि हा फोन काय, दोन्ही भर राहुकाळातच झाले. कळले तर फोन पुन्हा खोक्यात घालून मुहूर्त बघत बसतील. — जयंती