नकाशातून खोडलेला खडक

३ नोव्हेंबर १९५८, मालवण

आज रुजू झालो. पुण्याच्या कोंदट खोलीतून थेट बंदरावर! कचेरीच्या खिडकीतून किल्ला दिसतो. काम मनासारखं आहे : समुद्राची खोली मोजायची, नकाशे काढायचे. माणसं सरकारची, होडी आणि खर्च लाँच कंपनीचा, नकाशा दोघांचा. घरमालकीण आनंदीबाईंनी पहिल्याच जेवणाला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढलं.

११ नोव्हेंबर

वाट दाखवायला विठोबा नावाचा मच्छीमार होता. त्याने शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याखालचा एक खडक दाखवला. म्हणाला, "साहेबांनू, ह्यो कागदार घाला हां. भरती इली की दिसणा नाय." मी शाईने घातला.

२० नोव्हेंबर

कंपनीचे मॅनेजर गुरुदासशेट आले. खडकाला वळसा घालायचा तर वेंगुर्ल्याच्या फेरीला पाऊण तास जादा लागतो, म्हणून नकाशातून खडकच काढून टाका म्हणाले! मी नकार दिला. आमच्या साहेबांनी करार पुढे केला : नकाशा दोघांच्या संमतीने. निदान मच्छीमारांना मूळ प्रत दाखवू, म्हटलं. तर ती गोपनीय. ज्याने खडक दाखवला त्याच्यापासूनच गोपनीय! अंगाची लाही झाली. तरी पातं घेऊन खडक खरवडला. मीच.

२ डिसेंबर

लाँच त्याच खडकावर फुटली. अकरा माणसं गेली. उतारूंत विठोबाही होता. त्याची बायको हिरा वाचली. ओल्या लुगड्यानिशी ती कचेरीत आली. "माझो घोव वराडत होतो, खडक आसा, खडक आसा! लाँच चलवणाऱ्या तांडेलान तुमच्या नकाशार बोट ठेवल्यान, म्हणालो, हंय काय नाय!"

साहेब फाइल चाळत राहिले. हरामखोर. आणि मी? मी कपाटाआड.

५ डिसेंबर

भर दुपारी नकाशावर, खरवडलेल्या जागी, ओल्या बोटाचा ठसा उमटला. पुसला. शेजारी दुसरा. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. गुरुदासशेट म्हणाले, कागद सर्दावलाय, चौकशीला नवी प्रत पाठवा, खाडाखोड दिसायला नको. त्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं.

८ डिसेंबर

नव्या प्रतीवरही अकरा. मी खडक पुन्हा शाईने घातला. कलेक्टरांना सगळं खरं लिहिलं. साहेबांनी पत्र माझ्यासमोर फाडलं.

९ डिसेंबर

दारात अकराही जण उभे आहेत. उन्हात, निथळत. शिपाई त्यांच्यातून चहा घेऊन आला, त्याला काहीच — पुढे विठोबा.

मी ओरडलो, चला, शेटचं घर दाखवतो, आधी त्याला धरा. हलत नाहीत.

सांगितलं, हुकूम शेटचा होता, सही साहेबांची. विठोबा एवढंच विचारतो — "खडक खरवडलो कोणी?"

टेबलाभोवती आलेत. शाई पसरतेय. माझं मनगट — थंड — सोड, विठोबा, मी लिहितोय ना, खरं तेच लिहि