कपाटावरचा पंप

दि. ९ मे

चि. भावड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. दुकानात काम भरपूर आहे. एका वकिलांचा जुना सोफा उसवलाय, आतून इतकी धूळ निघाली की कारागीर म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर बसा." मी मास्क लावून आतच बसले. सुट्टीला आलेली तुझी चिमणी उरलेल्या कापडातून बाहुलीसाठी गाद्या शिवते.

परवा फोनवर तू विचारलंस, ती झोपते ना नीट? मी "हो" म्हणून विषय बदलला. आता लिहिते. आली तेव्हा झोपत नव्हती. उठून बसायची, खांदे उचलून श्वास ओढायची, आणि वर मलाच बजावायची, "आत्या, बाबांना सांगू नकोस."

तिच्या बॅगेत दम्याचा फक्त धाप लागली की घ्यायचा तो पंप होता. रोजचा कुठाय विचारलं, तर म्हणाली, "बाबांनी कपाटावर ठेवलाय. त्यात स्टेरॉइड असतं. मी आता बरी आहे ना."

अरे शहाण्या, रोज घेत होती म्हणून बरी होती. छत्रीखाली कोरडे राहिलो म्हणून भर पावसात छत्री मिटायची का?

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुला न विचारता. रोजचा पंप पुन्हा सुरू झालाय, शिंकांसाठी नाकातला फवाराही. तुला वाटतं ते दंड फुगवायचं स्टेरॉइड वेगळं, असं बाई म्हणाल्या. हे थोडंसंच, थेट छातीत जातं. घेतल्यावर चूळ भरायची, आणि दर खेपेला त्या तिची उंची मोजणार आहेत.

"चारचौघांत कळलं तर मुलीचं पुढे कसं व्हायचं?" हे तुझं नेहमीचं. आईही मला हेच म्हणायची. मी कितीतरी वर्षं मोरीचं दार लावून पंप घेतला. आता दुकानात गिऱ्हाइकांसमोर घेते. अजून एकानेही सोफा परत नेलेला नाही.

सकाळी आम्ही दोघी बेसिनपाशी उभ्या राहून चुळा भरतो, आरसा भिजवतो. परवा ती रात्रभर शांत झोपली. मी मात्र उशाशी बसून रडले, तुझ्यावरच्या रागाने. तू बंद केलेला पोहण्याचा क्लासही मी लावलाय.

रविवारी न्यायला येतोयस ना, ये. दोघांना, म्हणजे तिला आणि पंपाला, बरोबर नेणार असशील तर चहा टाकते. नुसती मुलगी न्यायची असेल, तर दाराला आतून कडी असेल.

रोज औषध ओढून तुला पुरून उरलेली,
ताई